रोह्याहून मंगळूरकडे उभ्या राहिलेल्या मालगाड्या

२७ ऑगस्ट २०२५, बुधवार, गणेश चतुर्थी. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत, पेण तालुक्यातल्या सगळ्या कारखान्यांच्या फळ्या रिकाम्या झालेल्या. शेवटच्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी होऊन ती कुणाच्या तरी घरी पाटावर बसलेली. सकाळचे साडेनऊ. घरोघर प्राणप्रतिष्ठा चाललीय. वॉशिंग्टनच्या घड्याळात तेव्हा मध्यरात्र उलटून एक मिनिट झालं होतं, आणि त्याच मिनिटाला भारताच्या बहुतेक मालावर अमेरिकेचं आयातशुल्क ५० टक्के झालं!

परदेशी जाणाऱ्या मूर्ती काही महिने आधीच कंटेनरमधून निघतात, त्यामुळे त्या वर्षीच्या बाप्पाची वाट अडली नाही. पण हिशेब करून पाहा. पेणहून २० डॉलरच्या बिलाने निघालेली शाडूची मूर्ती त्या दराने अमेरिकेच्या बंदरात उतरताना ३० डॉलरची. आता मूर्ती बाजूला ठेवा आणि सगळा माल धरा: कोळंबी, कापड, हिरे, औषधं, रसायनं. २०२४-२५ मध्ये भारतातून अमेरिकेला गेलेला माल साधारण ८,६५० कोटी डॉलरचा होता. डॉलर ८५ रुपयांचा धरू. खरा भाव त्याहून चढा आहे, म्हणजे आपले सगळे आकडे कमीच भरतील. तरीही होतात ७ लाख ३५ हजार कोटी रुपये! महाराष्ट्र सरकारचा २०२५-२६ चा सबंध अर्थसंकल्प ७ लाख कोटींचा. आख्ख्या राज्याचे रस्ते, शाळा, पगार, धरणं एका बाजूला, आणि एका देशाला विकलेला माल दुसऱ्या बाजूला. तरी दुसरं पारडं जड.

पण लाख कोटी, लाख कोटी म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर येतं तरी काय? काहीच नाही. शून्यांची माळ नुसती. म्हणून आधी हा आकडा आपल्या अंगणात आणू या. सेकंदाला एक याप्रमाणे मोजायला बसा. जेवण नाही, झोप नाही. एक लाख मोजायला एक दिवस आणि पावणेचार तास. एक कोटी मोजायला ११६ दिवस: गुढी उभारताना सुरुवात केली तर आषाढ अमावास्या येऊन ठेपते. शंभर कोटींना पावणेबत्तीस वर्षं, म्हणजे बारशाला मोजायला घेतलेल्या मुलाच्या लग्नात मोजणी संपेल. आणि एक लाख कोटी? ३१ हजार ७०० वर्षं!

आता श्वास घ्या. अमेरिकेच्या केंद्र सरकारचं कर्ज ऑक्टोबर २०२५ मध्ये ३८ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेलं. अडतीस. सेकंदाला एक डॉलर मोजला तर १२ लाख वर्षं. आपल्या जातीच्या माणसाला पृथ्वीवर येऊन तीन लाख वर्षं झाली असं शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे पहिल्या माणसाने मोजायला घेतलं असतं, तरी आज आपण पाव वाटेवर असतो.

रुपयांत करा: ३,२३० लाख कोटी. रायगडावर शिवरायांचा राज्याभिषेक झाला १६७४ मध्ये. समजा त्या दिवसापासून दर वर्षी, एकही वर्ष न चुकवता, आजच्या महाराष्ट्राचा सबंध अर्थसंकल्प, म्हणजे ७ लाख कोटी रुपये, खर्च होत आला. पेशवाई गेली, इंग्रज आले, इंग्रज गेले, खर्च चालूच. २०२५ पर्यंत ३५१ वर्षांत किती झाले? २,४५७ लाख कोटी. अजून ११० वर्षं खर्च करत राहायचं. २१३५ साल उजाडेल तेव्हा कुठे अमेरिकेचं कर्ज गाठलं जाईल!

पाचशेच्या नोटांत घेऊ. सहा लाख ४६ हजार कोटी नोटा. नोटेची लांबी १५ सेंटिमीटर. एकीला एक लावून ठेवत गेलं तर मुंबई-पुणे १५० किलोमीटरचा रस्ता ६४ लाख ६० हजार वेळा झाकून होतो. रस्ता पुरे, आता विहिरीत भरू. सहा मीटर व्यासाची, दहा मीटर खोल, आपल्याकडची चांगली प्रशस्त विहीर. तळापासून काठापर्यंत नोटा दाबून भरायच्या. लागतात जवळपास २३ हजार विहिरी. रोज एक विहीर भरली तर ६२ वर्षं. तिशीत कामाला लागलेला माणूस शेवटची विहीर भरताना नव्वदी ओलांडून गेलेला.

आणि आता वजन. नोट एक ग्रॅमची धरा. साडेचौसष्ट लाख टन! एक मालगाडी चार हजार टन ओढते असं धरलं तर १,६१५ मालगाड्या लागतील. चला, रोहा स्टेशनात उभ्या करू, कारण कोकण रेल्वे रोह्यापासूनच सुरू होते. पहिली गाडी पुढे न्या, तिच्या पाठीला दुसरीचं इंजिन टेकवा, तिच्या पाठीला तिसरीचं. एकेक गाडी ७०० मीटर. कोलाड भरलं. माणगाव भरलं. वीर, चिपळूण भरलं. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा भरला, रत्नागिरी भरलं. कुडाळ, मडगाव, कारवार, उडुपी भरलं. मंगळूरजवळ ठोकूरला ७४१ किलोमीटरची कोकण रेल्वे संपली, आणि मागे रोह्यात अजून साडेपाचशे गाड्या उभ्या! त्या उलट दिशेने लावा. पेण, पनवेल भरून मुंबई. मुंबईहून कसारा नाही, कर्जतकडे वळवा, खंडाळ्याचा घाट चढवा, १९२ किलोमीटरचा मुंबई-पुणे लोहमार्ग भरून टाका. पुण्याच्या पुढेही शेपूट लोंबतंच आहे. सगळ्या वाघिणी पाचशेच्या नोटांनी भरलेल्या.

रोह्यात उभे आहोत तर सी. डी. देशमुखांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. चिंतामणराव जन्मले महाडजवळच्या नाते गावात, पण बालपण गेलं रोह्यात, घराण्याची मुळं रोह्यातली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स इथे जगाच्या पैशाची घडी बसवणारी परिषद भरली, तिथे भारताच्या शिष्टमंडळात हा रोहेकर बसला होता. महायुद्ध चालू होतं. दोन आघाड्यांवर लढणाऱ्या अमेरिकेचं कर्ज तेव्हा होतं सुमारे २० हजार कोटी डॉलर, आणि तेव्हाच्या जगाला तोही आकडा गरगरवणारा होता. ते आज जवळपास १९० पट झालंय! त्या परिषदेतला अमेरिकेचा शब्द जग प्रमाण मानत असे. पुढे १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर याच देशमुखांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं. सत्तेतल्या माणसाने तत्त्वासाठी खुर्ची सोडायची असते, हे आपण त्यांच्याकडून शिकलो, आणि आज अमेरिकेकडे पाहताना मला ते फार आठवतं.

कर्जाला व्याज असतं. अमेरिका वर्षाला जवळपास एक लाख कोटी डॉलर नुसत्या व्याजाचे भरते. पेणला दिवा-रोहा मेमू पकडा. खिडकीत बसा. गाडी हलली. एक सेकंद झाला: २७ लाख रुपये व्याज. दुसरा सेकंद: ५४ लाख. चौथ्या सेकंदाला कोटी पार. फलाट अजून संपलेला नाही! कासू येईल, नागोठणे येईल, आंबा नदीचा पूल लागेल, निडी जाईल. तासाभराचा प्रवास धरा. रोह्याच्या फलाटावर पाय ठेवाल तेव्हा अमेरिकेने ९७० कोटी रुपये व्याज भरलेलं असेल. संध्याकाळी परतीच्या गाडीने आलात तर आणखी ९७० कोटी. आणि यातला एक रुपयाही कुणाच्या शाळेला नाही, कुणाच्या दवाखान्याला नाही.

अमेरिकेतल्या बंदुकांचा आकडा मी पटकन सांगून टाकतो, कारण त्यावर रेंगाळवत नाही. सामान्य नागरिकांच्या हातातल्या बंदुका, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणे, ३९ कोटी ३० लाख. दर शंभर माणसांमागे १२०, तान्ही बाळं धरून! मीटर-मीटरवर एकेक मांडली तर रांग चंद्राला गाठून नऊ हजार किलोमीटर पुढे जाते. आणि २०२३ या एका वर्षात गोळीने गेलेली माणसं सुमारे ४६ हजार ७००. पेण शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३८ हजारांच्या आत होती. बाजारपेठ, चिंचपाडा, स्टेशन, सगळी आळी, सगळी घरं, एकही माणूस उरलेला नाही, असं पेण डोळ्यांसमोर आणा. दर वर्षी.

मतांकडे वळू. इथले आकडे लहान आहेत, आणि लहान असूनच छाती दडपवतात. २००० साली अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी साडेदहा कोटी लोकांनी मतं दिली. अल गोर यांना जॉर्ज बुश यांच्यापेक्षा देशभरात ५ लाख ४४ हजार मतं जास्त पडली. पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांतली २०११ च्या जनगणनेतली सगळी माणसं मोजा, म्हातारी, पोरं, सगळी. मग त्यातली निम्मी पुन्हा मोजा. झाले ५ लाख ४३ हजार. एवढी माणसं जास्त मिळूनही गोर हरले. का? फ्लोरिडा या एका राज्यात ते ५३७ मतांनी मागे पडले. पाचशे सदतीस! सकाळच्या एका मेमूत एवढी माणसं सहज मावतात. दोन तालुक्यांहून मोठ्या गर्दीपेक्षा एका गाडीतली माणसं भारी पडली, आणि जगाचा इतिहास वेगळ्या रुळांवरून गेला.

सेनेटचं तर पाहाच. अमेरिकेत प्रत्येक राज्याला दोन सेनेटर. वायोमिंग राज्याची लोकसंख्या २०२० मध्ये ५ लाख ७७ हजार. आपले पेण, रोहा, अलिबाग हे तीन तालुके एकत्र केले की त्याहून थोडी जास्तच माणसं होतात. कॅलिफोर्नियाची लोकसंख्या ३ कोटी ९५ लाख. तिथेही दोनच सेनेटर. मेमूच्या एका डब्यात एक माणूस ऐसपैस बसलाय, शेजारच्या डब्यात ६८ माणसं चेंगरून उभी आहेत, आणि दोन्ही डब्यांचा शब्द सारखाच. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राला १९ जागा आणि गोव्याला एक. माणसांकडे बघून जागा. किती साधी गोष्ट, पण अडीचशे वर्षांच्या लोकशाहीला ती जमलेली नाही.

आणि इथे मला पेणच्या २२ गावांबद्दल बोलायचंय. पेण, उरण, पनवेल या तालुक्यांतल्या ४५ गावांची सुमारे दहा हजार हेक्टर जमीन महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, घ्यायचं ठरलं होतं. दहा हजार हेक्टर म्हणजे दहा किलोमीटर लांब, दहा किलोमीटर रुंद असा सलग चौकोन, आणि त्यात भातखाचरं, खारबांध, घरं, देवळं. त्यातली २२ गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली. धरणासाठी वाट पाहिली, आता पाणी येणार आणि जमीन जाणार? शेतकरी उठले. एन. डी. पाटील पुढे होते, उल्का महाजन होत्या, आणि खरं म्हणजे गावंच्या गावं होती. शेवटी २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारी यंत्रणेनेच त्या २२ गावांत मतपेट्या मांडल्या आणि ज्यांची जमीन जाणार होती त्यांना विचारलं: देता का? देशात सेझवर असं जनमत याआधी कुणी घेतलं नव्हतं. बायका आल्या, काठी टेकत म्हातारे आले. प्रचंड बहुमताने शिक्का पडला नकारावर. पुढे भूसंपादनाची मुदत टळली आणि सेझ गेला. मतपत्रिकेच्या कागदाचं वजन किती? नोटेसारखंच, ग्रॅम-दोन ग्रॅम. हजारो चिठ्ठ्या एकत्र केल्या तरी गाडीच्या एका वाघिणीचा कोपरा भरणार नाही. त्यांनी शंभर चौरस किलोमीटर जमीन धरून ठेवली.

सतरा वर्षांनी, नेमक्या त्याच तारखेला, २१ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेत एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लागू झालं. पंच्याऐंशी लाख रुपये, एका माणसामागे. दोन दिवस आधी अध्यक्षांनी सही केली होती. मतपेटी नाही, चर्चा नाही, एक सही. पुण्यात, ठाण्यात, पनवेलला किती घरांत त्या रात्री कुणाला झोप लागली नसेल!

पैशाने मत किती झाकलं जातं, तेही मोजू. २०२४ च्या अमेरिकेतल्या निवडणुकांचा एकूण खर्च सुमारे १,६०० कोटी डॉलर. २०१० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निकालाने कंपन्या आणि संघटनांच्या निवडणूक खर्चावरचा बांध फोडला, आणि पाणी आलं ते असं. एकट्या इलॉन मस्क यांनी ओतले २९ कोटी डॉलरांहून अधिक. २,४६५ कोटी रुपये! आपल्याकडे विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख. पेण विधानसभा मतदारसंघात एखाद्याने दर पाच वर्षांनी उभं राहून मर्यादेइतके सगळे पैसे खर्च केले, तर मस्क यांचा एका निवडणुकीचा आकडा गाठायला त्याला ६,१६३ निवडणुका लढवाव्या लागतील. म्हणजे जवळपास ३१ हजार वर्षं. मोजणी आठवतेय ना? एक लाख कोटी मोजायला लागतात जवळपास तेवढीच.

तर ते एक लाख कोटी आता समोर येऊन उभे राहतात. नोव्हेंबर २०२५. अमेरिकेचं सरकार १ ऑक्टोबरपासून ठप्प होतं आणि १२ नोव्हेंबरपर्यंत, ४३ दिवस, ठप्प राहिलं. १ नोव्हेंबरपासून गरिबांना धान्य-भाजीपाल्यासाठी मिळणारी मदत अडली. किती जणांची? चार कोटी वीस लाख. रायगडसारखे सोळा जिल्हे, सोळा, आणि सगळ्यांच्या चुलीवर टांगती तलवार. या मदतीला महिन्याला सुमारे ८०० कोटी डॉलर लागतात. त्याच आठवड्यात, ६ नोव्हेंबरला, टेस्लाच्या भागधारकांनी मस्क यांच्या मोबदल्याला मंजुरी दिली: ठरलेली उद्दिष्टं गाठली तर दहा वर्षांत एक लाख कोटी डॉलरपर्यंत. एका माणसाला. ८५ लाख कोटी रुपये! १४० कोटी लोकांच्या भारताचा २०२५-२६ चा केंद्रीय अर्थसंकल्पही ५१ लाख कोटींच्या आतला. आणि भागून पाहा, ८०० कोटींनी. त्या चार कोटी वीस लाख माणसांना दहा वर्षं आणि वर पाच महिने जेवू घालता येईल.

अमेरिकेत केंद्राने ठरवलेली किमान मजुरी तासाला ७.२५ डॉलर आहे, सव्वासात. जुलै २००९ पासून ती एका सेंटनेही वाढलेली नाही. काही राज्यांनी आपापली वाढवलीय, पण केंद्राचा आकडा तोच. आठवड्याला चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे, सुट्टी नाही, आजारपण नाही, आणि मिळालेल्यातला एक सेंटही खर्च करायचा नाही. असा मजूर एक लाख कोटी डॉलर किती वर्षांत कमावेल? मी तीनदा भागाकार केला. उत्तर तेच येतं: ६ कोटी ६३ लाख वर्षं.

६ कोटी ६३ लाख! हा आकडा आपल्या ओळखीचा आहे. पेणहून रोह्याला जाताना खिडकीतून दिसणारे सगळे डोंगर, तो काळा कातळ, पाट्या-वरवंट्याचा तो दगड, सह्याद्रीच्या भिंती ज्या लाव्ह्यातून घडल्या तो लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून उसळत होता. म्हणजे आपल्या मजुराला तेव्हाच कामाला लावावं लागेल. पायाखाली रसरसता दगड, आभाळात राख, लांब कुठेतरी शेवटचे डायनोसॉर. पहिला तास भरला: सव्वासात डॉलर. लाव्हा थरावर थर चढतोय, तो काम करतोय. डायनोसॉर संपले, तो काम करतोय. भारताची जमीन उत्तरेकडे सरकत सरकत आशियाला जाऊन धडकली, हिमालय उठला, तो काम करतोय. आंबा, कुंडलिका, भोगावतीने डोंगर कापून खोरी केली. माणूस आला. कोणीतरी पहिल्यांदा खाजणात बांध घातला आणि भात पेरला. रायगडावर अभिषेक झाला. पेणला पहिल्या गणपतीचे डोळे रेखले गेले. रोह्याला रेल्वे आली. बावीस गावांनी चिठ्ठ्या टाकल्या. चाळीस तासांचा आणखी एक आठवडा भरला, २९० डॉलर जमा झाले, आणि लाख कोटी व्हायला अजून तीन लाख वर्षं बाकी आहेत.